उत्पन्नाच्या रकान्यात

२०२१ साली माझ्या घरात दोन कागद होते आणि दोन्हींवर माझं वार्षिक उत्पन्न लिहिलेलं होतं. एक शिरोळच्या तहसील कचेरीतून काढलेला उत्पन्नाचा दाखला. त्यावर सगळ्या कुटुंबाचं मिळून ४५ हजार रुपये. दुसरी क्रेडिट कार्डाच्या अर्जाची छापील प्रत. त्यावर माझ्या एकट्याचे साडेतीन लाख. दाखला खरा होता. अर्ज खोटा होता, आणि तो खोटेपणा माझा होता. पुढे जे झालं त्याबद्दल मी बँकेला, एजंटाला, महापुराला आणि नशिबाला पुष्कळ बोल लावले. त्यातले काही अगदीच गैर नव्हते. पण सुरुवात त्या रकान्यापासून झाली, म्हणून सांगायलाही तिथूनच घेतो.

मी कुरुंदवाडचा. ऐन उमेदीची वर्षं इचलकरंजीला सायझिंगमध्ये गेली. सुताला खळ लावायची, ते वाळवायचं आणि बीमवर गुंडाळायचं, मग तो बीम यंत्रमागावर चढतो. २०१८ च्या उन्हाळ्यात रात्रपाळीला अडकलेला धागा सोडवताना उजवा हात रोलरमध्ये गेला. मनगटाच्या वरपर्यंत काढावा लागला. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडी रोख रक्कम दिली आणि ‘यापुढे माझं काही मागणं नाही’ अशा मजकुराच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा घेतला. ईएसआयमध्ये माझं नाव कधी लावलेलंच नव्हतं, म्हणजे तिथून मिळणारा अपंगत्वाचा लाभही नाही. अशा कामगारांसाठी तेव्हा १९२३ सालचा भरपाईचा कायदा होता. एक हात गेला तर कमाईची ताकद ६० टक्क्यांनी गेली असं त्याच्या परिशिष्टात धरलेलं होतं. आपला हक्क सोडल्याचा करार कामगाराने करून दिला तरी तो त्या कायद्यापुढे टिकत नसे. दावा मात्र दोन वर्षांत लावायचा असे. हे सगळं मला कळलं तोवर दोन वर्षं उलटून गेली होती. न वाचता कागद पुरा करून देण्याची ही माझी पहिली खेप. ती शेवटची ठरली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं आणि संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सुरू झालं. ही योजना १९८० पासूनची. अपंगत्व किमान ४० टक्के असावं लागतं आणि आमच्यासारख्यांसाठी घरचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. तेव्हा महिन्याला एक हजार रुपये मिळायचे. बायको नरसोबाच्या वाडीला पेढ्यांच्या दुकानात पुडे बांधायला जायची. पौर्णिमेला, शनिवारी गर्दी असली की मीही तिथेच नारळाच्या दुकानात बसायचो. आमचं उत्पन्न म्हणजे एवढंच.

या काळात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर लोकांचं एकदम चांगलं वागणं. चहाचे पैसे मला कुणी देऊ देईना. किराणावाल्याने वही मिटली. शिवी दिली नाही, वाकडं बोलला नाही, ‘आता रोखच न्या दादा, बरं पडतं’ म्हणाला. पूर्वी हजार-दोन हजार उसने मागणारे मित्र मागायचे बंद झाले. बँकेत गेलो तर डाव्या हाताची सही जुन्या नमुन्याशी जुळेना. काउंटरवरची बाई मऊ आवाजात म्हणाली, ‘अंगठाच द्या ना.’ मी रात्र-रात्र मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर सही गिरवली होती. त्या दिवशी बँकेतून अंगठ्याची शाई तशीच घेऊन घरी आलो आणि कुणाशी बोललो नाही.

अशात एका खासगी बँकेचा फोन आला. अपघाताआधी मी मोटरसायकलचं कर्ज घेतलं होतं आणि एकही हप्ता न चुकवता फेडलं होतं. त्यामुळे माझा सिबिल स्कोर चांगला होता. पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘सर, तुमच्यासारख्या चांगल्या ग्राहकासाठी कार्ड मंजूर आहे.’ त्याला माझा हात दिसत नव्हता. तो मला ‘सर’ म्हणत होता. त्या एका शब्दासाठी मी पुढचं सगळं केलं, हे आज मला लपवायचं नाही.

दोन दिवसांनी जयसिंगपूरहून एजंट घरी आला. बायको वाडीला गेलेली. त्याने मोबाइलवर अर्ज उघडला. व्यवसायाच्या रकान्यात निवडायला दोनच पर्याय होते : पगारदार आणि स्वयंरोजगार. मी म्हणालो, ‘मला नोकरी नाही. संजय गांधीचे हजार रुपये मिळतात.’ तो माणूस लबाड वाटला नाही, घाईत होता एवढंच. म्हणाला, ‘काका, तसं लिहिलं तर सिस्टीम पुढंच जात न्हाई. वाडीत दुकान हाय म्हणतायसा नव्हं? धंदा लिहू. साडेतीन लाख टाकू, सगळेच टाकतात.’ दुकान माझं नव्हतं, मी तिथे रोजंदारीवर बसत होतो. हे त्याला सांगायला वेळ लागला नसता. मी सांगितलं नाही. ओटीपी आला तो मीच वाचून दाखवला.

मग व्हिडिओवर ओळख पटवायची होती. एका हाताने फोन धरायचा, दुसऱ्या हाताने पॅनकार्ड कॅमेऱ्यापुढे धरायचं. फोन धरला की पॅनकार्ड धरायला हात नाही. दोनदा फोन कटला. शेवटी आक्काचा मुलगा शेजारीच राहतो, त्याला हाक मारली. अकरावीत होता. त्याने फोन धरला, मी डाव्या हातात पॅनकार्ड धरलं. पडद्यावरच्या बाईने इंग्रजाळलेल्या हिंदीत विचारलं, व्यवसाय काय, वर्षाचं उत्पन्न किती. मी स्वच्छ आवाजात सांगितलं, ‘दुकान. साडेतीन लाख.’ भाच्याचा हात हलला, पडद्यावरचं चित्र हललं, बाई म्हणाली, ‘कॅमेरा स्थिर ठेवा.’ त्याने तो स्थिर ठेवला. त्याने मला पुढे कधी काही विचारलं नाही. मीही बोललो नाही.

अर्जात खोटी माहिती देणं ही साधी थाप नसते, कायद्याने तो फसवणुकीचा मुद्दा होऊ शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण ते माहीत असतं तरी मी थांबलो असतो का, याची मला खात्री देता येत नाही.

कार्डाची मर्यादा ५० हजार. मुलीचे वर्ग तेव्हा मोबाइलवर चालत, तिला १४ हजारांचा फोन घेतला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्याच महिन्यात जुन्या पाळीतल्या मित्रांना जयसिंगपूरला जेवायला नेलं आणि सगळ्यांच्या आधी कार्ड पुढे केलं. माझ्यासाठी एक भारी शर्ट घेतला. बायकोला साडी घेतली आणि मालकाकडून जुनी बाकी मिळाली असं सांगितलं. मर्यादा म्हणजे मला मिळालेली रक्कम नव्हे, ते दुसऱ्याचे पैसे आहेत, हे कळायला शिक्षण लागत नाही. मला ते कळत होतं. तरी महिन्याला हजार रुपयांवर बसलेल्या माणसाच्या हाती ५० हजार आले की पहिले काही दिवस तो हिशेब करत नाही. आपण पुन्हा देणारे झालो, एवढंच त्याला दिसतं.

मग जुलै २०२१. कृष्णा आणि पंचगंगा आमच्या इथे मिळतात. वाडीच्या देवळात पाणी शिरलं की आम्ही समजून चुकतो. २०१९ चा महापूर अंगावर अजून ताजा होता, त्यामुळे गावाने या वेळी लवकर हातपाय हलवले. आम्ही शाळेतल्या छावणीत गेलो. परत आलो तेव्हा भिंतीवर कमरेच्या वर पाण्याची रेघ होती, गाद्या फुगून काळ्या पडल्या होत्या आणि पिठाच्या डब्यात चिखल होता. तो चिखल फावड्याने ओढायचा असतो, आणि फावडं दोन हातांचं. बायको आणि मुलगी ओढत होत्या. मी बादल्या उचलत होतो.

गावातली दुकानं बंद, वीज नाही, कार्डाचं मशीन कुठे चालणार? रोख हवी होती. जयसिंगपूरला जाऊन एटीएममधून कार्डावर १५ हजार काढले. खरेदीला चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात तसे रोख काढल्यावर मिळत नाहीत. ज्या दिवशी काढले त्या दिवसापासून व्याज चालू होतं, आणि काढण्याचं शुल्क वेगळं. मला ५०० रुपये आणि त्यावर जीएसटी लागला. हे सगळं कार्डासोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत होतं. पुस्तिका मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून वर ठेवली होती. पुरातही ती कोरडी राहिली. ती उघडली मात्र नव्हती.

गाद्या आणि शेगडी घेतल्याबद्दल मला कुणी दोष देणार नाही, मीही देत नाही. पण त्याच आठवड्यात मला दुसरीही दारं होती. नगरपालिकेला आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. तिथे अर्ज केला नाही. दिव्यांगांसाठी राज्याचं वित्त व विकास महामंडळ आहे, देशपातळीवर १९९७ साली स्थापन झालेलं महामंडळ आहे. कार्डाच्या व्याजाच्या कितीतरी खाली, एक आकडी दराने ती धंद्यासाठी कर्ज देतात. नारळाची स्वतःची गाडी टाकायला मी तिथे विचारू शकलो असतो. विचारलं नाही, कारण तिथे पहिल्याच ओळीत ‘मी दिव्यांग आहे, मला काम नाही’ असं लिहावं लागलं असतं. कार्डावर तसं काही लिहावं लागलं नव्हतं.

आता हिशेब सांगतो. तो कुणी मला त्या वेळी मराठीत मांडून दाखवला असता, तर माझे डोळे उघडले असते असं मला वाटतं. उधारी ५० हजारांवर आली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५. मिळून २,०६५. बिलावर ठळक अक्षरात लिहिलेलं असे ‘किमान देय रक्कम’, उधारीच्या ५ टक्के, म्हणजे २,५००. मी २,५०० भरायचो आणि ‘हप्ता गेला’ म्हणून सुटकेचा श्वास टाकायचो. त्यातले ४३५ रुपये मुद्दलात जमा व्हायचे. माझं अनुदान एक हजार रुपये आणि माझं व्याज जीएसटी धरून त्याच्या दुप्पट. वर्षाचा दर ४२ टक्के होतो हे मी बारावी शिकलेला माणूस १२ ने गुणून पाहू शकत होतो. पाहिलं नाही, कारण मोटरसायकलचा हप्ता मला माहीत होता आणि हाही हप्ताच आहे असं मी धरून चाललो.

हा दर जास्त आहे, ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये ३० टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने तो आदेश रद्द केला. दर ठरवणं हे आयोगाचं काम नाही, असं म्हटलं. म्हणजे आजही वर कमाल मर्यादा नाही.

हे महिन्याचे २,५०० मी आणत होतो कुठून? थोडे दुकानातले, थोडे उसने, आणि उरलेले बायकोच्या डब्यातून. तिला सांगायचो, औषधाला पाहिजेत. तुटलेल्या हातात अधूनमधून कळ येते हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे तिने कधी दुसरा प्रश्न विचारला नाही. माझ्या सगळ्या चुकांमध्ये ही मला सगळ्यात जड जाते. बँकेच्या अर्जातलं खोटं एका अनोळखी बाईला सांगितलं होतं. हे खोटं मी रोज जेवायला वाढणाऱ्या माणसाला सांगत होतो, आणि तेही दुखण्याचं नाव घेऊन.

२०२२ च्या मध्यावर उसने मिळायचे बंद झाले आणि माझे हप्ते थांबले. फोन सुरू झाले. आधी मराठीत, मग हिंदीत, मग दमदाटीत. सकाळी सहाला, रात्री नऊला. मुलीच्या मोबाइलवर गेले, आक्काच्या घरी गेले. मी सिम बदललं. त्यामुळे बँकेकडून आलेला एकही निरोप मला मिळेना आणि फोन मात्र घरच्यांना जास्त जाऊ लागले.

नियम काय होते ते सांगतो, कारण ते माझ्या बाजूचे होते. रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे निर्देश एप्रिल २०२२ मध्ये निघाले आणि त्यातले बहुतेक १ जुलैपासून लागू झाले. किमान रक्कम भरूनही उधारी वाढतच जाईल अशा तऱ्हेने ती रक्कम ठरवू नये. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड कशी लांबते याचा इशारा बिलावर छापावा. बाकी नसलेलं कार्ड बंद करायला सांगितल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत बंद न केल्यास ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावेत, हे सगळं त्यात होतं. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला, नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायला, चारचौघांत अपमान करायला मनाई होती. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. यातलं बरंच मला त्या वर्षीच कळलं होतं. वाचनालयात पेपर रोज वाचत होतो.

तरी मी तक्रार केली नाही. तक्रार करायची तर ‘माझं उत्पन्न एवढंच आहे, मला भरणं शक्य नाही’ असं लिहावं लागणार, आणि त्यांच्याकडे माझे साडेतीन लाख नोंदलेले. बँकेला सांगून उधारीचे कमी व्याजाचे हप्ते पाडून घेता येतात, त्यासाठीही परिस्थिती सांगावी लागते. ती सांगायची सोय मीच ठेवली नव्हती. आणि उलट बाजूने भीती : तो साडेतीन लाखांचा अर्ज तहसील कचेरीत कुणी दाखवला तर? अनुदान बंद, वर वसुली. दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा राहायचो तेव्हा खिशात कार्ड असायचं आणि पोटात गोळा. खरा दाखला हातात असून मी चोरासारखा उभा असे. एका रकान्यातल्या खोट्याने माझी चार ठिकाणची वाचा गेली होती : बँकेत, लोकपालांकडे, कचेरीत आणि घरात.

२०२३ मध्ये वसुलीचा माणूस दारात आला तेव्हा बायको नुकतीच वाडीहून आलेली. तिने त्याला पाणी दिलं, किती बाकी आहे ते विचारलं. तो म्हणाला, ‘७१ हजार.’ तो गेल्यावर ती मला काही बोलली नाही. ‘कागद काढा सगळे,’ एवढंच म्हणाली. दहावी झालेली आहे. तिने बिलं तारखेवार जमिनीवर मांडली, मुलीचा पेन घेतला आणि पेढ्याच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बेरीज केली. वापरले साधारण ४८ हजार. भरले २५ हजार. मागणी ७१ हजारांची. तिने बेरीज दुसऱ्यांदा तपासली. मग भरलेल्या प्रत्येक रकमेपुढे बोट ठेवून विचारत गेली, ‘ह्ये औषधाचं?’ मी हो म्हणत गेलो. पुठ्ठ्याच्या शेवटी पोचल्यावर म्हणाली, ‘मला का सांगितलं नाहीसा? मला भ्यालासा व्हय?’ मी म्हटलं, ‘लाज वाटली.’ ती म्हणाली, ‘हात गेला तवा मला लाज वाटली न्हाई. आणि ह्याची वाटली असती व्हय?’

काही दिवसांनी लोकअदालतीची नोटीस आली. मी घाबरलो, पोलीस येतील असं वाटलं. आक्काच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की ते तडजोडीचं बोलावणं आहे. कार्डाची बाकी ही दिवाणी बाब, तिच्यासाठी कुणी उचलून नेत नाही. तडजोड ४० हजारांवर झाली. बायकोची बोरमाळ विकली. ती तिच्या आईची होती. मी गहाण ठेवू म्हणालो, तर ती म्हणाली, ‘परत व्याज नको.’

इथेही मी शेवटचा कागद न वाचता सही केली. डाव्या हाताची सही जुळली, याच आनंदात मी होतो. मग सिबिलचा अहवाल काढला. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा असा अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. त्यात माझं खातं ‘बंद’ असं नव्हतं, ‘सेटल्ड’ असं होतं. म्हणजे याने पुरतं फेडलं नाही, कमीत मिटवलं. तो शेरा पुढची कैक वर्षं राहतो. तडजोडीच्या आधी विचारलं असतं, तर जरा थांबून, हप्ते पाडून पूर्ण फेडायचा पर्याय तरी समजला असता. मोटरसायकलच्या हप्त्यांनी मिळवलेलं सगळं त्यात गेलं.

मला दुसरं कार्ड घ्यायचं नव्हतं. पण मुलीच्या परीक्षांचे अर्ज, प्रवेशाचं शुल्क, सगळं ऑनलाइन, कधी अनुदान जमा व्हायच्या आधीच मुदत. शिवाय तो शेरा धुऊन निघायचा तर नीट फेडलेली उधारी नोंदली जावी लागते. बायकोने भिशीचे २५ हजार मिळाल्यावर स्वतःच विषय काढला. आम्ही दोघं दुसऱ्या एका बँकेच्या शाखेत गेलो. मी साहेबांना पहिल्याच वाक्यात सांगितलं, ‘मला नोकरी नाही, उजवा हात नाही, महिन्याला दीड हजार अनुदान आहे आणि जुन्या कार्डाची तडजोड केलेली आहे.’ एवढं बोलून मी थांबलो. ते म्हणाले, ‘मुदत ठेवीवर कार्ड मिळतं की. त्याला उत्पन्नाचा पुरावा लागतच नाही.’

ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावर व्याज मिळत राहतं, आणि तिच्या साधारण ८० टक्क्यांची मर्यादा कार्डाला मिळते. काही बँका जास्तही देतात. नाही फेडलं तर बँक ठेवीतून घेते. नोकरी नसलेला, अनुदानावर जगणारा, शेतमजूर, घरकाम करणारी बाई, कुणालाही हे मिळू शकतं. हे २०२१ मध्येही होतं. माझ्याकडे तेव्हा २५ हजार नव्हते, हे खरं. पण वर्षभरात मी २५ हजार बँकेला भरले, हेही खरं.

साहेबांनी अर्ज कागदावर दिला. व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं ‘नाही’. उत्पन्नाच्या रकान्यात ‘१८,००० रुपये, शासकीय अनुदान’. सही माझी, शेजारी बायकोची साक्षीदार म्हणून. पूर्ण बिल दर महिन्याला बचत खात्यातून आपोआप जाईल, अशी सूचना त्याच दिवशी देऊन ठेवली. एटीएममधून रोख काढायची सोय बंद करून घेतली. बिल ती उघडते, मी वाचून दाखवतो.

भाच्यालाही यंदा सगळं सांगितलं. तो आता कोल्हापूरला नोकरी करतो. त्याच्या देखत बोललेलं खोटं त्याच्याच देखत मागे घ्यायचं होतं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, ‘मामा, मी पण पहिल्या कार्डाला पगार वाढवून सांगितलाय.’ दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून त्याचं कार्ड फेडायचा तक्ता केला.

सध्या मी तेरवाडच्या एका मुलीच्या कामात आहे. तिचे दोन्ही हात जन्मापासून अधू. बँकेत खातं उघडायला व्हिडिओवर ओळख पटवताना तिला कार्ड धरता येईना, तीनदा फोन कट झाला आणि अर्ज नामंजूर झाल्याचा निरोप आला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातल्या आणि दृष्टिहीन अर्जदारांच्या प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. ओळख पटवण्याची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी करा, असे वीस निर्देश त्यात आहेत. त्यानंतर ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम बदलले : असा अर्ज विचार न करता नाकारू नये आणि नाकारला तर अधिकाऱ्याने कारण नोंदवावं. तिला कारण कळवलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं अनुदान २,५०० झालं आहे, ते याच खात्यात यावं अशी तिची इच्छा आहे.

तक्रार आम्ही मराठीत लिहिली. अक्षर माझं आहे, डाव्या हाताचं, थोडं तिरकं. उत्पन्न किती ते तिने मला सांगितलं, मी तेच लिहिलं, आणि खाली माझं नाव घालून ‘मीही दिव्यांग आहे, मलाही हाच त्रास झाला होता’ असं एक वाक्य जोडलं. तक्रारीचा क्रमांक आला आहे. बँकेचे ३० दिवस पुढच्या सोमवारी संपतात. उत्तर आलं नाही तर मंगळवारी लोकपालांकडे अर्ज जाईल. तो मी लिहून तयार ठेवला आहे.